लगदा पांढरा करताना रसायन नेमकं कुठे जातं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. हार्डवुडचा (रुंद पानांच्या झाडांच्या लाकडाचा) क्राफ्ट लगदा, म्हणजे लाकडाच्या चिप्स अल्कलीत शिजवून काढलेला कागदाचा लगदा. डायजेस्टरनंतर, म्हणजे चिप्स शिजवायच्या भांड्यानंतर, ऑक्सिजन स्टेज, पुढे डी-झिरो (क्लोरिन डायऑक्साइडची पहिली), ईओपी (अल्कली, ऑक्सिजन आणि पेरॉक्साइडची) आणि डी-वन (क्लोरिन डायऑक्साइडची दुसरी) अशा तीन ब्लीचिंग स्टेज. गेल्या दोन वर्षांत टनामागे लागणारा क्लोरिन डायऑक्साइड हळूहळू वाढत गेला. सांडपाण्यातला एओएक्स, म्हणजे क्लोरिनयुक्त सेंद्रिय पदार्थांचं माप, परवान्याच्या मर्यादेला टेकलाय. ८९ ब्राइटनेसने (शुभ्रतेचा अंक) निघालेला लगदा गोदामात राहिला की पिवळट पडतो. प्रयोगशाळेच्या नोंदीत कप्पा, म्हणजे लगद्यात उरलेल्या लिग्निनचं (लाकडाचे तंतू जोडून ठेवणाऱ्या पदार्थाचं) माप, मात्र पूर्वीइतकाच आहे. व्यवस्थापनाच्या मनात ओझोन आहे. तर ओझोन घ्यावा, एन्झाइम वापरून बघावं, की क्लोरिनची सगळीच रसायनं सोडून द्यावीत?

आत्ता यातलं काहीच घेऊ नका, असं मी सांगेन. ओझोन वाईट आहे म्हणून नाही. तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यापाशी मी थांबलो: कप्पा तोच, तरी रसायन जास्त. याचा अर्थ वाढलेलं रसायन तंतूंमधल्या लिग्निनवर खर्च होत नाहीये, ते दुसरीकडे कुठेतरी संपतंय. ती जागा सापडायच्या आधी नवं रसायन आणलंत तर तेही तिथेच संपेल. ब्लीच प्लांटमध्ये माझी पंचवीसहून जास्त वर्षं गेली, आणि खप वाढल्याची तक्रार आली की मी टॉवरकडे (रसायन घातलेला लगदा थांबतो तिथे) नंतर जातो, आधी त्याच्या अलीकडच्या वॉश प्रेसकडे, म्हणजे लगदा धुऊन पिळणाऱ्या यंत्राकडे जातो.

कारण सांगतो. कप्पा काढताना नमुना आपण आधी स्वच्छ धुऊन घेतो, मग पोटॅशियम परमँगनेट घालून २५ अंशाला दहा मिनिटं ठेवतो आणि उरलेलं परमँगनेट थायोसल्फेटने मोजतो. म्हणजे प्रयोगशाळेचा कप्पा हा धुतलेल्या तंतूचा कप्पा असतो. टॉवरमध्ये जाणारा लगदा तेवढा धुतलेला नसतो. त्याच्या पाण्यात विरघळलेलं लिग्निन, साखरेचे तुटलेले तुकडे, मिथेनॉल, उरलेला अल्कली असं बरंच काही पुढे येतं. यालाच आपण कॅरीओव्हर म्हणतो. क्लोरिन डायऑक्साइडला तंतूतलं लिग्निन आणि पाण्यातलं लिग्निन यांत फरक कळत नाही. उलट पाण्यातलं त्याला आधी भेटतं. तंतूच्या भिंतीत शिरायला वेळ लागतो, पाण्यात मिसळायला लागत नाही. त्यामुळे धुलाई बिघडली की नोंदवहीत कप्पा जागच्या जागी राहतो आणि टॉवरवरचा भार वाढतो. ऑपरेटरला डी-झिरोनंतरचं ब्राइटनेस घसरलेलं दिसतं, तो डोस वाढवतो. त्याची चूक नसते, त्याच्यासमोर दुसरा आकडाच नसतो.

हे पटवून घ्यायला एक साधा प्रयोग करा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. डी-झिरोच्या मिक्सरआधी, प्रेसमधून निघालेला लगदा बादलीत घ्या. हातमोजे घालून मूठभर पिळा आणि खाली काचेचं चंचुपात्र धरा. पाणी फिकट पिवळं असेल तर धुलाई ठीक आहे. विटकरी, फेसाळ आणि बोटांना बुळबुळीत लागलं तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं. मग त्या लगद्याचे दोन भाग करा. एक भाग गरम डिस्टिल्ड पाण्याने, निथळणारं पाणी रंगहीन होईपर्यंत धुवा, दुसरा जसा आहे तसा ठेवा. दोन्हींना सारखी कन्सिस्टन्सी (पाण्यातलं लगद्याचं प्रमाण), सारखा क्लोरिन डायऑक्साइड, शेवटचा पीएच सारखा राहील इतकं ॲसिड द्या. जाड पॉलिथिनच्या पिशव्यांत बंद करून ७० अंशाच्या वॉटर बाथमध्ये तासभर ठेवा आणि मधूनमधून पिशव्या मळत राहा. तासाने दोन्हींचं पाणी पिळून पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च घाला. धुतलेल्या भागाचं पाणी निळंजांभळं होईल, म्हणजे रसायन अजून शिल्लक आहे. न धुतलेल्याचं बहुधा पाण्यासारखंच राहील. नंतर दोन्हींना अल्कलीची स्टेज देऊन कप्पा काढा. दोन कप्प्यांमधला जो फरक येईल, तो तुमच्या वॉश प्रेसच्या नावावर मांडा.

एका मिलमध्ये आम्ही क्लोरिन डायऑक्साइड बनवणाऱ्या जनरेटरला दोष देत तीन महिने घालवले होते. क्लोरेटची शुद्धता तपासली, डोसिंग पंप उघडले, फ्लोमीटर बदलला. एका रात्रपाळीत मी प्रेसच्या बाजूने टॉर्च घेऊन चालत होतो, तेव्हा लगद्याच्या चटईवर लांबीच्या दिशेने वीतभर रुंदीचा काळपट पट्टा दिसला. त्या रेषेतले शॉवरचे नोझल तंतू आणि क्षार बसून बुजले होते. बाकीची चटई नीट धुतली जात होती, त्यामुळे सरासरी नमुन्यात काही जाणवत नव्हतं. नोझल साफ केले आणि दोन दिवसांत डोस उतरायला लागला. तेव्हापासून पाळीच्या तपासणीत मी चटईचा रंग आडवा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघायला लावतो. हे काम कुठल्याही मीटरला जमत नाही.

तुमच्या बाबतीत मला एक तारीख हवी आहे. खप वाढायला लागला त्याच्या आगेमागे पाणी वाचवायला म्हणून फिल्ट्रेटची (धुलाईतून निघालेल्या पाण्याची) एखादी नवी जोडणी केली होती का? ईओपीचं फिल्ट्रेट ऑक्सिजननंतरच्या प्रेसच्या शॉवरला जोडलं, गरम कंडेन्सेटऐवजी (वाफ थंड होऊन झालेल्या पाण्याऐवजी) दुसरं पाणी आलं, डायल्युशन फॅक्टर (धुलाईला दिलेलं जादा पाणी) कमी केला, असं काही? पाणी वाचवणं चांगलंच आहे, पण वाचवलेल्या पाण्याबरोबर त्यातला सीओडीही (सेंद्रिय पदार्थांचा भार) फिरून परत येतो. तो डी-झिरोच्या दाराशी आला की प्रत्येक किलोमागे क्लोरिन डायऑक्साइड खातो, आणि त्यातून बनणारा क्लोरिनयुक्त कचरा थेट सांडपाण्यात जातो. शिवाय ब्लीच प्लांटमधलं क्लोराइड मागे रिकव्हरी बॉयलरपर्यंत (कुकिंगचं वापरलेलं द्रावण जाळणाऱ्या बॉयलरपर्यंत) पोहोचलं तर तिथली राख चिकट होते आणि नळ्यांच्या मधल्या वाटा बुजतात. म्हणून फिल्ट्रेट कुठून कुठे जातं याचा नकाशा आज प्रत्यक्ष पाइपाबरोबर चालत काढा. कार्यालयातल्या जुन्या ड्रॉइंगवर भरवसा ठेवू नका.

धुलाईचं मोजमाप अजून बऱ्याच ठिकाणी सोडियममध्ये, म्हणजे सोडा लॉसमध्ये होतं. ब्लीचिंगच्या दृष्टीने त्याचा फारसा उपयोग नाही, कारण काही सोडियम तंतूला चिकटूनच राहतं आणि सेंद्रिय पदार्थाचं प्रमाण त्यातून कळत नाही. डी-झिरोत जाणाऱ्या लगद्याच्या पाण्याचा सीओडी रोज मोजा आणि तो टन लगद्यामागे किलोत मांडा. दहा किलोच्या आत असेल तर मी निश्चिंत असतो. पंधरा-वीसच्या घरात गेला तर डोसची चर्चा थांबवून प्रेसची सुरू करतो.

आता ऑक्सिजन स्टेज. व्यावसायिक पातळीवर ती पहिल्यांदा १९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एन्स्ट्रा मिलमध्ये चालली, आणि माझ्या मते स्वच्छ ब्लीचिंगच्या वाटेवरचं तेच सगळ्यांत मोठं पाऊल आहे. इथे निघालेलं लिग्निन उलट्या दिशेने धुलाईतून ब्लॅक लिकरमध्ये (कुकिंगमधून निघालेल्या काळ्या द्रावणात) जातं आणि रिकव्हरी बॉयलरमध्ये जळून वाफ देतं. तेच लिग्निन पुढच्या टॉवरमध्ये काढलं तर सांडपाण्यात जातं. म्हणून इथे कप्प्याचा एक एक अंक मोलाचा. हार्डवुडमध्ये ३५ ते ४५ टक्के घट अपेक्षित धरा. तुमची तीसच्या खाली असेल तर मिक्सर, अल्कली, तापमान आणि दाब या क्रमाने बघा. ऑक्सिजन पाण्यात फारसा विरघळत नाही. मिक्सरने त्याचे बारीक बुडबुडे केले नाहीत तर तो टॉवरच्या माथ्यावर जमा होऊन व्हेंटमधून निघून जातो. तंतूचं बळ टिकवायला मॅग्नेशियम सल्फेट किती जातंय तेही बघा. आणि आत येणाऱ्या लगद्याची धुलाई इथेही लागू आहे, कारण ब्लॅक लिकर ऑक्सिजन आणि अल्कली दोन्ही खातं.

यापुढची गोष्ट तुमच्या पिवळेपणाशी जोडलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हार्डवुडच्या कप्प्यात जे मोजलं जातं ते सगळं लिग्निन नसतं. झायलन या लाकडातल्या साखरेच्या साखळीवर मिथाइलग्लुक्युरॉनिक ॲसिडचे गट असतात. डायजेस्टरमधल्या गरम अल्कलीत त्यांच्यातून मिथेनॉल निघून जातो आणि मागे दुहेरी बंध असलेलं हेक्सेनयुरॉनिक ॲसिड उरतं. आम्ही त्याला नुसतं हेक्सए म्हणतो. फिनलंडमध्ये तापानी वुओरिनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात ब्लीचिंगमधलं त्याचं स्थान दाखवून दिलं आणि आमच्या पिढीला बऱ्याच कोड्यांची उत्तरं मिळाली. त्या दुहेरी बंधामुळे ते परमँगनेट खातं, म्हणून कप्प्यात मोजलं जातं. किलोमागे १० मिलिमोल हेक्सए असेल तर कप्पा साधारण ०.८५ ने वाढतो. निलगिरीच्या लगद्यात ५० मिलिमोल सहज सापडतं, म्हणजे कप्प्याचे चारहून जास्त अंक. ऑक्सिजननंतर तुमचा कप्पा १० असेल तर त्यातला चाळीस टक्क्यांहून जास्त भाग लिग्निनचा नाहीच.

या हेक्सएला ऑक्सिजन हात लावत नाही, अल्कलीतला पेरॉक्साइडही लावत नाही. क्लोरिन डायऑक्साइडच्या स्टेजमध्ये मात्र ते रसायन खातं. लिग्निनशी प्रक्रिया होताना तिथल्या तिथे जे हायपोक्लोरस ॲसिड बनतं, ते याच्यावर तुटून पडतं आणि त्यातून क्लोरिनयुक्त पदार्थ बनतात. हेक्सए जड धातूही धरून ठेवतं, म्हणून पेरॉक्साइड वाया जातो. आणि ब्लीचिंग संपल्यावर थोडं जरी शिल्लक राहिलं तरी उष्णता आणि दमटपणा मिळताच लगदा पिवळा पडतो, विशेषतः शेवटच्या धुलाईनंतर लगदा आम्लीय राहिला असेल तेव्हा. वाढता खप, वाढता एओएक्स आणि गोदामातला पिवळेपणा या तुमच्या तिन्ही तक्रारी एकत्र ठेवल्या की धुलाईनंतर माझा दुसरा संशय यावरच जातो. दोन वर्षांत लाकडाची जात किंवा कुकिंगची अल्कली बदलली असेल तर अधिकच.

हेक्सए मोजायची यूव्हीची पद्धत आहे, पण तिच्यात मर्क्युरिक क्लोराइड लागतं. पाऱ्याची विल्हेवाट नीट होत नसेल तर ती करू नका. त्यापेक्षा ऑक्सिजननंतरचा धुतलेला लगदा घ्या, सल्फ्युरिक ॲसिडने पीएच ३ करा, ९५ अंशाला चार तास ठेवा, धुवा आणि कप्पा काढा. जेवढा कप्पा उतरला तेवढं किमान हेक्सए होतं असं धरून चालायला हरकत नाही. काटेकोर आकडा नाही, पण निर्णयापुरता पुरेसा आहे.

तो कप्पा तीन-चार अंकांनी उतरला तर उपाय त्याच प्रयोगात दडलेला आहे: गरम आम्ल. डी-झिरोच्या आधी पीएच ३ ते ३.५, तापमान ९० ते ९५ अंश, वेळ दोन तास किंवा जास्त. यात हेक्सएचा मोठा हिस्सा फुटून विरघळतो, आणि त्यासाठी लागतं ते थोडं सल्फ्युरिक ॲसिड आणि वाफ. वेगळा टॉवर नसेल तर डी-झिरोच गरम चालवता येतो. पण तिथे क्रम महत्त्वाचा. क्लोरिन डायऑक्साइड आधी घातला तर तो पहिल्या काही मिनिटांतच लिग्निन आणि हेक्सए दोघांवर संपतो, आणि उरलेला वेळ नुसतं आम्ल काम करतं. आम्ल आधी आणि क्लोरिन डायऑक्साइड नंतर असं जमलं तर रसायन खरं वाचतं, कारण निम्मं गिऱ्हाईक आधीच निघून गेलेलं असतं. तरी गरम डी-झिरोचा एक फायदा आहेच: उष्णतेत काही क्लोरिनयुक्त पदार्थ तुटतात, त्यामुळे एओएक्स उतरतो.

यात कसूर कुठे होते तेही सांगतो. तापमानाबाबत ही प्रक्रिया फार हळवी आहे. दहा अंश कमी झाले तर वेग जवळजवळ एकतृतीयांशावर येतो. म्हणजे ‘८५ पण चालतील’ असं म्हणून वाफ वाचवली की स्टेज नावापुरती उरते. पीएच २.५ च्या खाली गेला तर सेल्युलोज तुटायला लागतं, व्हिस्कॉसिटी (तंतूच्या बळाची खूण) रोज बघावी लागते. आम्लात लाकडातलं कॅल्शियम सुटतं आणि पुढे पीएच वर जाताना ऑक्झलेटच्या रूपात वॉशरच्या जाळीवर, पाइपात पापुद्र्यासारखं बसतं. आणि ९० अंशाच्या आम्लाला, त्यात क्लोराइडही असताना, तुमच्या टॉवरचं अस्तर आणि वॉशरचा धातू टिकेल का हे बनवणाऱ्याकडून लेखी घेतल्याशिवाय एक दिवसही चालवू नका.

आता एओएक्सचा हिशेब. १९८० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत पेपर मिलच्या खालच्या अंगाला नदीतल्या माशांत डायॉक्सिन सापडलं आणि मूळ क्लोरिन वायूने ब्लीचिंग करायचे दिवस संपत आले. क्लोरिन वायू लिग्निनला चिकटतो, क्लोरिन डायऑक्साइड मुख्यतः ऑक्सिडेशन करतो. तेवढ्याच सक्रिय क्लोरिनमागे क्लोरिन डायऑक्साइडचा एओएक्स क्लोरिनच्या साधारण पाचव्या हिश्शाचा धरतात. उदाहरण घ्या. कप्पा १०, कप्पा फॅक्टर (कप्प्याच्या एका अंकामागे द्यायचा सक्रिय क्लोरिन, टक्क्यांत) ०.२२, म्हणजे टनामागे २२ किलो सक्रिय क्लोरिन. एक किलो क्लोरिन डायऑक्साइड म्हणजे २.६३ किलो सक्रिय क्लोरिन, म्हणून २.६३ ने भागलं की ८.४ किलो क्लोरिन डायऑक्साइड. हाच कप्पा आम्लाने ७ वर आणला तर त्याच फॅक्टरने ५.९ किलो पुरतो. एओएक्सही जवळपास त्याच प्रमाणात उतरतो. अमेरिकेच्या १९९८ च्या नियमांत क्राफ्ट ब्लीचिंगची मासिक सरासरीची मर्यादा टनामागे ०.६२३ किलो एओएक्स होती. युरोपीय संघाने २०१४ मध्ये उत्तम तंत्राची पातळी ०.२ किलोपर्यंत आणली. ओझोनशिवायही ती गाठता येते.

पण तुमचा क्लोरिन डायऑक्साइड खरोखर क्लोरिन डायऑक्साइडच आहे ना, हेही तपासा. काही जनरेटर सोबत क्लोरिनही बनवतात, आणि जनरेटरमधली प्रक्रिया ढळली की त्याचं प्रमाण वाढतं. पद्धत सोपी आहे. द्रावणाचा नमुना पीएच ७ च्या बफरमध्ये पोटॅशियम आयोडाइडबरोबर घ्या आणि थायोसल्फेटने टायट्रेट करा. निळा रंग गेला की त्याच फ्लास्कमध्ये सल्फ्युरिक ॲसिड घाला. रंग परत येईल, पुन्हा टायट्रेट करा. न्यूट्रल पीएचला क्लोरिन डायऑक्साइड पाचपैकी एकच इलेक्ट्रॉन घेतो, उरलेले चार आम्लात. म्हणून द्रावण शुद्ध असेल तर दुसरं वाचन पहिल्याच्या बरोबर चौपट येतं. चौपटीहून कमी आलं तर तेवढा क्लोरिन त्यात आहे. हे टायट्रेशन पाळीत एकदा झालंच पाहिजे. नमुना थंड ठेवा, बाटली काठोकाठ भरा, हूडखालीच उघडा. हा वायू जड असतो आणि फुप्फुसाला इजा करतो.

डी-वनमध्ये बहुतेक ठिकाणी पीएचने नुकसान होतं. टॉवरच्या शेवटी पीएच फार खाली गेला तर क्लोरिन डायऑक्साइडचा काही भाग क्लोरेट होऊन फुकट जातो, फार वर राहिला तर क्लोराइट तसाच पडून राहतो. साधारण ४ च्या आसपास मला चांगले निकाल मिळाले, पण तुमच्या लगद्याचा योग्य आकडा पिशव्यांच्या प्रयोगानेच काढा. पीएच मोजायचा तो टॉवरमधून बाहेर पडणाऱ्या लगद्याचा, मिक्सरनंतरचा नाही.

ईओपीबद्दल थोडक्यात. टॉवरच्या शेवटी पेरॉक्साइड थोडा शिल्लक असला पाहिजे. शून्य असेल तर तो मँगनीज, लोखंड, तांबं यांच्यावर फुटून गेला. आत येणाऱ्या लगद्यावर पेरॉक्साइडचे दोन थेंब टाकून बघा. भराभर बुडबुडे आले तर धातू आहेत. आम्लाची स्टेज चांगली झाली आणि नंतर धुलाई झाली तर हे धातू आपोआप कमी होतात, वेगळ्या ईडीटीएची (धातू बांधून ठेवणाऱ्या रसायनाची) गरज बहुधा पडत नाही.

अजून एक गोष्ट कोणी विचारत नाही: ८९ का? पेपर मशीनला खरंच ८९ लागतं, की ८७.५ च्या खाली जाऊ नये म्हणून पाळी सुरक्षित अंतर ठेवते? ब्राइटनेसचे शेवटचे दोन अंक सगळ्यांत महाग असतात. तिथे वक्ररेषा सपाट झालेली असते, रसायन दुप्पट केलं तरी अर्धा अंक मिळतो. तुमच्या तासातासाच्या नोंदी काढा आणि चढउतार किती आहे ते बघा. चढउतार निम्मा केला की सरासरी एक अंकाने खाली आणता येते आणि गिऱ्हाइकाला फरकही कळत नाही. त्यासाठी कुकिंगचा कप्पा स्थिर हवा, म्हणजे शेवटी चिप्सची जाडी आणि ओलावा. माझ्या बघण्यात सगळ्यांत कमी रसायन वापरणारे ब्लीच प्लांट त्याच मिलमध्ये होते जिथे चिप्सच्या चाळण्या वेळेवर बदलल्या जात.

एन्झाइम. झायलनेझची कल्पना फिनलंडमधून १९८६ च्या सुमारास पुढे आली. कुकिंगमध्ये तंतूवर परत बसलेलं झायलन ते तोडतं, त्यामुळे आतलं लिग्निन सुटायला वाट मिळते. क्लोरिनच्या रसायनात १० ते २० टक्के बचत होऊ शकते. पण ऑक्सिजननंतरचा लगदा अल्कलीत आणि गरम असतो, आणि एन्झाइमचा पीएच आणि तापमानाचा पट्टा अरुंद. धुलाई अस्थिर असेल तर पीएच हलत राहतो आणि एन्झाइम एक दिवस चालतं, दुसऱ्या दिवशी नाही. शिवाय सुटलेलं झायलन सीओडी वाढवतं आणि उत्पादनातून वजा होतं. भांडवल लागत नाही, म्हणून चाचणी जरूर घ्या, पण प्रेस दुरुस्त झाल्यावर.

क्लोरिन पूर्णपणे सोडण्याबद्दल माझं मत सरळ आहे. गिऱ्हाइकाने तसा लगदा मागितला असेल तर करा. पर्यावरणासाठी म्हणून करत असाल, तर चांगला ऑक्सिजन, चांगली धुलाई आणि शुद्ध क्लोरिन डायऑक्साइड यांच्या पुढे जाऊन मिळणारा फायदा लहान आहे. तोच पैसा फिल्ट्रेट मागे नेण्यात आणि सांडपाण्याच्या जैविक शुद्धीकरणात घातला तर नदीला जास्त मिळतं.

राहिला ओझोन. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या फ्रँकलिन मिलमध्ये १९९२ पासून तो मोठ्या प्रमाणावर चालला, तंत्र सिद्ध झालेलं आहे. ऑक्सिडेशनच्या हिशेबाने एक किलो ओझोन म्हणजे १.७ किलो क्लोरिन डायऑक्साइड, आणि तो हेक्सएही काढतो. बनवायला किलोमागे साधारण दहा युनिट वीज लागते. पण तो सेकंदांत प्रक्रिया करतो, निवड करत नाही, आणि पाण्यातला सीओडी क्लोरिन डायऑक्साइडपेक्षाही अधाशीपणे खातो. तुमच्या आजच्या कॅरीओव्हरवर ओझोन बसवला तर त्यातला बराचसा ब्लॅक लिकर पांढरं करण्यात जाईल.

म्हणून क्रम असा ठेवा. या आठवड्यात सीओडी, जनरेटरचं टायट्रेशन आणि फिल्ट्रेटचा नकाशा. पुढच्या वेळी प्लांट देखभालीसाठी बंद असेल तेव्हा प्रेसचे नोझल, प्लेट आणि सील. मग गरम आम्लाचा प्रयोग, आधी पिशव्यांत, नंतर टॉवरमध्ये एका पाळीपुरता. सहा-आठ आठवड्यांनी जे आकडे स्थिरावतील त्यांच्यावर ओझोनचा हिशेब मांडा. ओझोनच्या चाचणीसाठी बाहेर नमुना पाठवाल तेव्हा प्रयोगशाळेत धुतलेला देऊ नका. प्रेसवरून निघालेला, त्याच्याच पाण्यासकट, जसाच्या तसा पाठवा. धुतलेल्या नमुन्यावर ओझोनचे आकडे नेहमीच चांगले येतात, आणि तुमच्या टॉवरमध्ये तसा धुतलेला लगदा येत नाही.